बांगड्या लावलेली भिंत

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ भिंती चाटत असत. हे मी गमतीने म्हणत नाही. इस्रायलातल्या पेताह तिक्वाच्या त्या कचेरीत मी नुकतीच लागले होते. जुन्या इमारतींची दुरुस्ती करायच्या आधी त्यांची मापं घेऊन नकाशे काढायचे, एवढंच आमचं काम. पहिल्याच आठवड्यात यांच्याबरोबर मला एका पडक्या घराच्या मापाला पाठवलं. टेप काढायच्या आधी त्यांनी भिंतीचा पोपडा नखाने खरवडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि थुंकून म्हणाले, "चुना. पण रेती समुद्राची. हिचं मीठ बाहेर येणार." मग दुसरा पोपडा माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं.

"मग कॉलेजात काय शिकलीस गो?"

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते राहत त्या लोद शहरात त्यांचे नातेवाईक निघतील आणि त्यातले निम्मे माझ्यावर चिडतील. लोदची आमची मंडळी त्यांना पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा त्यांच्या खिशात कायम असे. पितळेचा, मुंबईहून आणलेला. लग्नाला आले तरी कोटाची एक बाजू लोंबलेली. मी त्यांना अंकल म्हणायचे. मुंबईकडून इथे आलेल्या आम्हा बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांत बापाच्या वयाचा माणूस अंकलच असतो.

मूळचे ते रेवदंड्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हे मुंबईत सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाले आणि मी जन्मायच्या आधीच इथे आले. त्यामुळे त्यांचं मराठी ते आले त्या दिवशी जिथे होतं तिथेच थांबलेलं. सिनेमाला बायस्कोप, स्टेशनला टेसन. मी ठाण्याहून येऊन सहा-सात वर्षं झाली होती, तरी माझं मराठी त्यांना पेपरात छापल्यासारखं वाटायचं. "तू बोलतेस तेव्हा बातम्या लागल्यासारखं वाटते," असं म्हणून ते मला मध्येच थांबवायचे.

कुठल्याही इमारतीत शिरताना ते आधी भिंतीला तळहात टेकवायचे आणि "कसं काय?" म्हणून विचारायचे. ऑफिसातली हिब्रू बोलणारी पोरं हसायची. अंकल ऐकू न आल्यासारखं करायचे. ऑफिसात तेव्हा नकाशे कंप्युटरवर काढायला सुरुवात झाली होती, त्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "कंप्युटरने आयुष्यात एक भिंत बघितलेली नाय, म्हणून त्याच्या सगळ्या भिंती सरळ." त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "माप आधी, मत मागून." हे ते इंजिनियरला ऐकू जाईल अशा बेताने मराठीत म्हणायचे आणि मग मला त्याचं हिब्रू करून सांगायला लावायचे. मी दर वेळी जरा सौम्य करून सांगायचे.

आमचा इंजिनियर वाईट माणूस मुळीच नव्हता. हुशार होता, घाईत होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे त्याने एक फाइल अंकलच्या टेबलावर टाकली. गालीलमधल्या एका डोंगरावरच्या अरब खेड्यातलं कॅथलिक चर्च. उत्तरेकडची भिंत वरच्या बाजूला चार बोटं बाहेर कललेली, तिच्यात वरपासून खालपर्यंत भेग. इंजिनियरने एकदा जाऊन पाहिलं होतं आणि मनात ठरवून टाकलं होतं की सगळंच पाडून सिमेंटचं नवं चर्च बांधावं. पाडायच्या आधी मापं हवीत म्हणून आम्हाला पाठवलं.

आमच्या लेखी कॅथलिक म्हणजे वसईचे, नाहीतर गोव्याचे. मुंबईत अंकलच्या शेजारी एक गोवेकर कुटुंब होतं, त्यामुळे चर्चमधलं आपल्याला सगळं ठाऊक आहे असं ते वाटेत मला सांगत होते. पाद्री लग्न करत नाही, आत टोपी काढायची, गुडघे कुठे टेकायचे, सगळं. त्यांच्या जुन्या पांढऱ्या सुबारूतून आम्ही पोचलो आणि पाद्रीच्या दारावर टकटक केली. दार पाद्रीच्या बायकोने उघडलं. तिच्या मागे तीन मुलं. अंकल माझ्याकडे बघायला लागले. नंतर कळलं की हे ग्रीक कॅथलिक. पोपला मानतात, पण प्रार्थना अरबीत, आणि त्यांच्या खेड्यातल्या पाद्रीला लग्नाची मोकळीक. गाव त्याला आबूना म्हणतं. आबूना म्हणजे आमचे वडील. हे कळल्यावर अंकलनी त्याला लगेच मुलांची नावं विचारली आणि आपल्या गोवेकर शेजाऱ्याची मनातल्या मनात कीव केली असावी.

चर्च लहान होतं. बाहेरून बघितलं तर एक मोठं चौकोनी घर आणि त्याला मागून चिकटवलेला घंटेचा मनोरा. मनोरा बराच नंतरचा, हे अंकलनी गाडीतूनच सांगितलं, कारण त्याचा दगड भिंतीच्या दगडात गुंतलेला नव्हता. आत गेल्यावर मात्र मी मान वर करून उभीच राहिले. तुळई नाही, खांब नाही. चारी कोपऱ्यांतून दगडाच्या कमानी उठून डोक्यावर मधोमध एकमेकींना भेटत होत्या. पुढे लाकडी पडदा, त्यावर संतांची चित्रं मेणबत्तीच्या धुराने काळवंडलेली. भिंती हातभर नव्हे, पुरुषभर जाड. दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि पोटात चुन्यात कालवलेली खडी.

"छप्पर कायम भिंतींना बाहेर ढकलतंय," अंकल म्हणाले. "आणि भिंती त्याला ढकलू देत नायत. दीडशे वरसं हा धंदा चाललाय."

टोपीचा घोळ तिथेच झाला. त्यांनी ती गोवेकराच्या शिकवणीप्रमाणे काढली. मग आबूनाला विचारलं की हे चर्च कोणाचं. आबूना म्हणाला, मार इलियासचं. म्हणजे तुमचा एलियाहू हनवी, रथातून स्वर्गात गेलेला तो संदेष्टा. अंकल टोपी हातात धरून थांबले, आणि पुन्हा डोक्यावर घातली. एलियाहू हनवीपुढे यहुदी माणूस उघड्या डोक्याने कसा उभा राहणार? त्यातही आम्हा बेने इस्राएलांचा तो घरचा. नवस त्याचा, मलिदा त्याचा. पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं त्याच्या नावाने मांडल्याशिवाय आमच्यात लग्न होत नाही की नोकरी लागत नाही. अंकलनी आबूनाला सांगितलं की एलियाहू आमच्या कोकणात आला होता, अलिबागजवळ खंडाळ्याला, त्याच्या रथाची खूण खडकावर आहे. आबूनाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्या गावाबाहेर पण एक खडक आहे, त्यावर तो झोपला होता. दोघांनी एकमेकांच्या खडकाला हरकत घेतली नाही.

त्याच वेळी एक म्हातारी झाडू घेऊन आली. तिला सगळे उम्म जिरीयिस म्हणत. जिरीयिस हा तिचा थोरला मुलगा, आणि तिथे आईला थोरल्याच्या नावाने ओळखतात. चर्चची किल्ली, झाडलोट आणि घंटा तिच्याकडे. काळा झगा, डोक्यावर पांढरा रुमाल, आणि आमच्याकडे बघण्यात स्वागत अजिबात नाही. आम्ही कशाला आलो ते तिला माहीत होतं.

आबूनाने त्या चर्चची कहाणी सांगितली. एका जुन्या भूकंपात आधीचं देऊळ पडलं, तेव्हा गावात चार मोठी घराणी होती. एकाच घराण्याने बांधायला घेतलं असतं तर भांडणं झाली असती, म्हणून चौघांना एकेक भिंत वाटून दिली. दगड आपापला, गवंडी आपापला, चुना आपापला. नीट पाहिलं तर आजही कळतं. दक्षिणेच्या भिंतीचे सांधे सुरीचं पातं जाणार नाही असे, पश्चिमेचे दगड मोठे आणि ओबडधोबड. उत्तरेची भिंत उम्म जिरीयिसच्या पणजोबांनी बांधलेली. आणि कलली होती नेमकी तीच. तिच्या लग्नात सासरच्या बायकांनी त्यावरून गाणं रचलं होतं, की वाकड्या भिंतीच्या घरातली पोर आणली, हिची चूल तरी सरळ लागेल का. साठ वर्षं झाली, नवरा गेला, ती गाणं म्हणणाऱ्या बायका गेल्या, पण गाणं राहिलं. दर लग्नात कोणीतरी म्हणतंच. आता त्या भिंतीपायी सगळं चर्च पाडणार म्हटल्यावर तिला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

आबूना हे हिब्रूत सांगत होता आणि ती न कळता सगळं कळल्यासारखी झाडूवर हनुवटी टेकून उभी होती. अंकल तिच्याजवळ गेले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि सरळ मराठीत बोलायला लागले. "बाई, ही भिंत तुझ्या पणज्याची चूक नाय. मी चाळीस वरसं भिंती बगतोय. हिला कोण हात लावणार नाय, हा माझा शब्द."

मी त्याचं हिब्रू केलं, आबूनाने अरबी केलं. तिने अंकलना पायापासून टोपीपर्यंत निरखून पाहिलं, आणि कोपऱ्यात शिडी लावून काम करणारी दोन माणसं हाकलून आम्हाला जागा करून दिली.

गाडीत मी म्हटलं, "अंकल, माप आधी ना?"

त्यांनी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

भेग पडलेली भिंत पूर्वी कधीतरी हलून थांबलेली आहे की अजून हलते आहे, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी भेगेवर आडवी काच बसवतात, दोन्ही टोकं चुन्यात घट्ट. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. मुंबईत ते हेच करत. फक्त इथे मिळणारी काच त्यांना पसंत नव्हती. जाड, म्हणे, भिंत पडली तरी ही शाबूत राहील. पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून एक चपटा डबा काढला. आत हिरव्या बांगड्या.

त्या त्यांच्या बायकोच्या होत्या. मेंदीच्या रात्री भरलेला चुडा आणि नंतर मुंबईहून मागवलेले डझन. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "रागावली की हात आपटायची. रोज एक फुटायची. याच्यापरीस नाजूक काच सबंद इस्रायलात नाय." आणि करवतीच्या पात्याने बांगडी अर्धी करून त्यांनी भेगेवर बसवली. अशा पाच, छातीच्या उंचीपर्यंत, प्रत्येकीखाली पेन्सिलीने तारीख. शेवटची बसवताना चुना ओला असल्यामुळे त्यांना ती बराच वेळ धरून ठेवावी लागली. मी दुसरीकडे बघत राहिले.

पुढचं जे झालं त्यात चूक माझ्या तोंडाची. आबूनाची बायको हिब्रू चांगलं बोलायची. गावातल्या बायका तिच्याभोवती जमून विचारायला लागल्या की भिंतीला बांगड्या कशाला? मी काच आणि भेग समजावली. पण बोलता बोलता त्या बांगड्या वारलेल्या बायकोच्या आहेत हेही सांगितलं, आणि आम्हीही मार इलियासला कसा नवस बोलतो, मलिदा कसा करतो, तेही सांगितलं. बायकांना हवा होता तेवढाच भाग त्यांनी ठेवला. महिन्याने आलो तर बांगड्यांना नवसाच्या रंगीत चिंध्या बांधलेल्या. अंकलनी आबूनाला सांगून सगळ्या सोडवल्या, बायकांना हात जोडून विनंती केली. त्या हो म्हणाल्या.

जानेवारीत इंजिनियर आमच्याबरोबर आला. इथला पावसाळा हिवाळ्यातच, पाऊस बाहेर रपरपत होता. मधली बांगडी फुटलेली होती. दोन तुकडे चुन्यात, मधला भाग फरशीवर. अंकल खाली वाकले, तुकडा उचलला, उजेडात धरला.

"मग झालं," इंजिनियर म्हणाला. "भिंत हलतेय. मी उन्हाळ्यात काम काढतो."

आबूनाने हे अरबीत सांगितलं तशी उम्म जिरीयिस मटकन बाकावर बसली. मग उठली, पडद्यामागे गेली आणि एक पितळी दिवा घेऊन आली. साखळीने टांगायचा, तेलाचा, चांगला किलोभर वजनाचा. तो तिने अंकलच्या पायांशी ठेवला आणि एका श्वासात बोलत सुटली. तिने भिंत उभी राहावी म्हणून मार इलियासला नवस केला होता, आणि नवसाचा दिवा नेमका त्या मधल्या बांगडीला टांगला होता. रात्रभर राहिला. सकाळी येऊन बघते तो बांगडी फुटून दिवा खाली. तिला वाटलं संताने नवस परत केला. म्हणून लपवला.

इंजिनियर हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "ठीक आहे. बाकीच्या चार तर शाबूत आहेत ना? म्हणजे भिंत हलत नाही. तुम्ही जिंकलात. तसं लिहून द्या, मी सही करतो."

मला इतका आनंद झाला की मी अंकलचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"चारही बांगड्यांना चिंध्या होत्या," ते मला म्हणाले. "बायकांनी हात लावलाय. एखादी ढिली झाली असंल, एखादीत कोणी नवा चुना भरला असंल. हे माप नाय. सांग त्याला."

मी सांगितलं. इंजिनियरला वाटलं मी चुकीचं हिब्रू करते आहे. त्याने पुन्हा विचारलं. अंकलनी स्वतःच्या मोडक्या हिब्रूत सांगितलं की अजून एक पावसाळा हवा.

"पण तुम्ही उन्हाळ्यात निवृत्त होताय."

"मग सवड मिळंल."

इंजिनियरने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि गावाला एक वर्ष दिलं. एवढं ऐकणारा माणूस होता तो, म्हणूनच मी त्याला वाईट म्हणत नाही.

या वेळी बांगड्या उंचावर, कमान जिथून सुटते तिथे बसवल्या. शिडीवर मला चढू दिलं नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, एका हातात बांगडी, एका हातात चुन्याची थापी, आणि खाली आम्ही तिघी शिडी धरून. मी, आबूनाची बायको आणि उम्म जिरीयिस. ती अरबीत त्यांना रागावत होती आणि ते मराठीत तिला रागावत होते. एव्हाना त्यांचं असंच चालायचं. आबूना एकदा मध्ये पडून सांगायला गेला तर दोघांनीही त्याला गप्प केलं.

निवृत्तीच्या समारंभात ऑफिसने त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी ते उलटं करून मागचे स्क्रू मोजले. पुढचा सबंध पावसाळा दर दुसऱ्या शुक्रवारी ते पहाटे लोदहून निघायचे, वाटेत मला घ्यायचे, आणि दुपारी, शब्बात म्हणजे आमचा शनिवार सूर्यास्ताला लागायच्या आत, परत. मी का जायचे हे मला घरी कोणाला सांगता येत नसे. इंजिनियरच्या फाइलसाठी नक्कीच नाही. मला बघायचं होतं, एवढंच. रेडिओवर हिब्रू गाणी लागली की अंकल बंद करायचे आणि मला दगडांबद्दल विचारायचे. दक्षिणेची भिंत आणि उत्तरेची भिंत यात चांगली कुठली? मी म्हणायचे दक्षिणेची. "नाय. उत्तरेचा गवंडी हुशार. त्याने दर तिसऱ्या थरात लांब दगड आरपार घातलाय. सांधे दिसायला वाईट, पण पकड बघ." मग थोडं थांबून, "तरी कलली का, ते मला समजत नाय." हे कोडं त्यांना भिंतीपेक्षा जास्त छळत होतं. चांगल्या गवंड्याची भिंत कलायला नको.

डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या सुमारास पहिली बांगडी तडकली. अंकलनी शिडीवर उभ्या उभ्या जीभ लावून चुना पाहिला, घट्ट होता. म्हणाले, एकीवरून सांगता येत नाय. फेब्रुवारीत आणखी दोन. त्या दिवशी ते शिडीवरून उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसून राहिले. चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. उम्म जिरीयिस बाहेर अंगण झाडत होती, झाडूचा आवाज येत होता.

मी जे म्हणाले ते आता लिहायला लाज वाटते, पण म्हणाले. "अंकल, तीन नव्या लावू या. डब्यात आहेत की. तारीख जुनीच घालू. तुम्ही तिला शब्द दिलाय."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. त्यांनी भिंतीला लागून असलेल्या पहिल्या बाकाकडे बोट केलं. "रविवारी ती इथे बसते."

रिपोर्ट त्यांनी मराठीत सांगितला आणि मी हिब्रूत लिहिला. पहिली ओळ होती, 'उत्तरेची भिंत हलते आहे. पहिल्या भेटीत मी माप घेण्याआधी ती सुरक्षित असल्याचं सांगितलं होतं, ते चुकीचं होतं.' दुसऱ्या ओळीत लिहिलं की बाकीच्या तीन भिंती आणि छप्पर चांगलं आहे. छपराला टेकू देऊन फक्त उत्तरेची भिंत उतरवावी आणि त्याच दगडांनी पुन्हा उभी करावी. मी म्हटलं पहिल्या ओळीचा दुसरा भाग तरी गाळू या, तो कोणी मागितलेला नाही. त्यांनी गाळू दिला नाही. इंजिनियरने वाचलं आणि पहिली ओळ पुन्हा वाचली. मला म्हणाला, "जो माणूस पहिल्याच ओळीत स्वतःविरुद्ध लिहितो त्याच्या दुसऱ्या ओळीशी मी काय भांडू?" सिमेंटचं चर्च रद्द झालं.

मला वाटलं ही तर जीतच. पण गावाला सांगायला गेलो तेव्हा उम्म जिरीयिसने एकच गोष्ट ऐकली. चारातली एकच भिंत उतरवणार, तिच्या पणजोबांची. सगळं चर्च पाडलं असतं तर निदान चारही घराणी सारखी झाली असती. तिने आबूनामार्फत विचारलं, "याने शब्द दिला होता की नाही?" अंकल म्हणाले, दिला होता. तिने घंटेची किल्ली कमरेला खोचली आणि निघून गेली. त्यानंतर आम्ही तीन वेळा गेलो, ती एकदाही समोर आली नाही. येताना गाडीत अंकल माझ्याशी दगडांबद्दलही बोलत नसत. त्यांचं मन त्या बाईत अडकलं होतं, आणि ते बोलून दाखवण्याची त्यांना सवय नव्हती.

मे महिन्यात भिंत उतरली. दगडांवर खडूने आकडे घालून ते अंगणात ओळीने मांडले होते. अंकलना आता कामावर कोणी बोलावलेलं नव्हतं, तरी ते आले होते, आणि मी रजा टाकून आले होते. सकाळी दहाच्या सुमाराला शेवटचा थर निघाला आणि पाया साफ करताना एका मजुराची पहार हातातून निसटून जमिनीत शिरली. शिरली ती गेलीच. खाली कुठेतरी ती दगडावर आदळल्याचा आवाज आला, बऱ्याच उशिराने.

दोन फरशा हलवल्या तर खाली काळोख. बॅटरी मारली तेव्हा दिसलं, खडकात खोदलेली पाण्याची जुनी टाकी, आतून चुन्याने गिलावा केलेली, अर्धी मातीने बुजलेली. आधीच्या देवळाच्याही आधीची असेल. गावातल्या कोणालाच तिचा पत्ता नव्हता. भिंत बांधली त्या लोकांनाही नसणार. भिंतीची बाहेरची बाजू बरोबर त्या पोकळीवर उभी होती, आतली खडकावर.

अंकल तोपर्यंत गुडघ्यांवर बसून आत बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दोन वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "बग!" ते ओरडले. "बग, मी काय सांगत होतो? तरी दीडशे वरसं उभी राहिली! दुसऱ्या कोणाची भिंत असती तर दहा वरसांत बसली असती! आबूना, सांगा सगळ्यांना! दक्षिणेचा गवंडी असता तर पोराबाळांवर पडली असती!" आणि कोणी अडवायच्या आत ते शिडी लावून खाली उतरले. आबूना हसत हसत अरबीत सांगत होता, लोक जमत होते, दक्षिणेच्या घराण्यातला एक म्हातारा काहीतरी पुटपुटत होता. खालून अंकलचा आवाज आला, "पोरी, टेप सोड! वहीत लिहून घे, मग कोणी म्हणायला नको."

मी काठावर बसून टेपचं एक टोक खाली सोडलं आणि दुसरं धरलं. तेवढ्यात एका सुरकुतलेल्या हाताने ते माझ्याकडून काढून घेतलं. उम्म जिरीयिस माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. पांढरा रुमाल मागे सरकलेला. तिने टेप दोन्ही हातांनी मुठीत आवळून काठाच्या दगडावर दाबून धरली.

"नीट धरलीस ना गो?" खालून आवाज आला. "ढिली नको."

तिने अरबीत उत्तर दिलं. धरलीय, असंच काहीतरी असणार.

खाली टेप एकदा सैल पडली आणि पुन्हा ताणली गेली. मग अंकलनी माप सांगितलं. आकडा त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश सांगितला. मी वहीत लिहून घेतलं.